शाळेचा नियम आणि घरचा ताप

(मंडळाच्या यंदाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात एका निवृत्त शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मंडळाचे अध्यक्ष, चिटणीस, सर्व कार्यकर्ते, दहावी-बारावीत चांगले गुण मिळवून पहिल्या रांगेत अवघडून बसलेले आमचे विद्यार्थी, त्यांचे आई-वडील, आणि पंख्याखालच्या खुर्च्या धरून बसलेले सगळे आजी-आजोबा, नमस्कार.

चिटणीसांचा फोन आला तेव्हा त्यांच्याकडे विषय तयार होता. 'माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांची वर्तणूक : नियम आणि अपेक्षा.' मी म्हटलं, अहो, हे नाव फळ्यावर लिहिलंत तर निम्मी मुलं पाणी प्यायला म्हणून जातील ती परत येणार नाहीत. ते म्हणाले, "बाई, काळजी करू नका, बक्षिसं भाषणानंतर ठेवली आहेत." म्हणजे नियम कसा करावा हे मंडळाला माझ्याआधीच कळलेलं आहे.

मी या बडोद्यात छत्तीस वर्षं शिकवलं. सुरुवातीला मराठी माध्यमात, पुढे गुजराती माध्यमाच्या एका मोठ्या शाळेत. पहिल्या शाळेत मी 'बाई' होते, दुसरीत 'बेन' झाले. शेवटची नऊ वर्षं सुपरवायझर होते, म्हणजे मुलांच्या भाषेत 'झांप्यावरची बेन'. उशिरा येणारा, शर्ट बाहेर काढलेला, बूट न घातलेला, च्युइंगम चघळणारा, सगळे आधी माझ्या हाती लागायचे. तेव्हा या विषयावर बोलायला मी लायक आहे असं चिटणीसांना वाटलं असावं. मी लायक आहे, पण त्याचं कारण वेगळं आहे. नियम लावताना मी एक मोठी चूक केली आहे आणि ती अजून विसरलेले नाही. तिच्याकडे येईनच.

आधी एक विचारते. शाळा दर वर्षी डायरी देते. तिच्या पहिल्या तीन-चार पानांवर नियम छापलेले असतात. ते ज्यांनी वाचले आहेत त्या पालकांनी हात वर करा. ... बरं. खाली घ्या, दोनच आहेत, आणि त्यातल्या एक स्वतः शिक्षिका आहेत. आता त्या पानाखाली 'वरील नियम वाचले व मान्य आहेत' याखाली सही कोणी केली आहे? बघा, सगळं सभागृह. आपली मुलं हे बघतात. न वाचता सही करायची असते हे त्यांना नववीत कोणी शिकवावं लागत नाही.

त्या पानांवर असतं काय? गणवेश, केस, नखं, वेळ, मोबाईल, वाहन, रजा, परीक्षा. बहुतेक ओळी 'नये'ने संपणाऱ्या. धावू नये, ओरडू नये, भिंतीवर लिहू नये. कारण एकाही ओळीला नसतं. मी स्वतः अशी पानं तयार केली आहेत, म्हणून सांगते, कारण लिहायचं तर आधी ते आपल्याला माहीत असावं लागतं. मुलींच्या वेण्या लाल रिबिनीच्याच का, असं एकीने विचारलं होतं. मी म्हटलं, "नियम आहे." पुढे कधीतरी जुन्या शिपाईकाकांनी सांगितलं, बेन, पूर्वी समोरच्या दुकानात लालच रिबीन मिळायची. ते दुकान बंद होऊन किती वर्षं झाली होती कोण जाणे. आम्ही मुलींना लाल रिबिनीसाठी उभं करतच होतो.

पण सगळेच नियम रिबिनीचे नसतात. वाहनाचं बघा. आपल्याकडे नववी-दहावीतली मुलं ॲक्टिव्हा घेऊन ट्यूशनला जातात. आईला स्वयंपाक, बाबांना कंपनीची बस, मग मुलाला कोण सोडणार? शाळा म्हणते वाहन आणू नये, म्हणून मुलं गाडी शाळेबाहेरच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये लावतात आणि तिथून साळसूदपणे चालत येतात. मी एकदा त्या पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले. वीस-बावीस गाड्या होत्या. दोन गाड्यांवर तर वडील मागे बसून आले होते, मुलगा चालवत होता! मला बघून एक वडील म्हणाले, "बेन, मी शिकवतोय त्याला." शाळेच्या वेळेला, भर रस्त्यावर.

कायदा अगदी साधा आहे. बिनगिअरच्या, पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीचा परवाना सोळाव्या वर्षी मिळतो, बाकी सगळ्याला अठरा पूर्ण लागतात. आपल्या घरातल्या स्कूटर शंभर सीसीच्या वरच्या आहेत, म्हणजे सोळा पूर्ण झालेल्यालाही त्या चालत नाहीत. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यात अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला दोषी धरलं आहे. पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. इथे समोर बसलेल्या दहावीच्या मंडळींनो, हे शेवटचं वाक्य नीट ऐका. कॉलेज संपेल, नोकरी लागेल, आणि तुम्ही रिक्षाने जाल.

यात मला एक गोष्ट आवडते. मूल चुकलं, दंड पालकाला. आपण बडोदेकर आहोत, आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव मूळ धरत होता त्याच १८९३ साली सयाजीराव महाराजांनी अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानात नेला. मूल शाळेत आलं नाही तर दंड होत असे, आणि तो भरायचा पालकाने. सात-आठ वर्षांचं पोर शाळेत न येता शेतात असेल तर त्याला शेतात कोणी पाठवलं, हा प्रश्न महाराजांच्या कायद्याने विचारला. आम्ही शिक्षक मात्र शंभर वर्षांनंतरही पोरालाच बाकावर उभं करत होतो.

आता 'बाकावर उभं' म्हटलं की मागच्या रांगेतून आवाज येतो. आलाच. "आमच्या वेळी मास्तर फोडून काढायचे, म्हणून आम्ही घडलो." आजोबा, तुमचा मान ठेवून सांगते. मार खाऊन जे घडले ते आज इथे पंख्याखाली बसले आहेत. मार खाऊन ज्यांनी सातवीत शाळा सोडली ते गुणगौरव समारंभाला येत नाहीत, त्यामुळे त्यांचं मत आपल्या कानावर पडत नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हींना मनाई केली आहे. हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. म्हणून काही शिक्षक हसत म्हणायचे, "नववीपासून मोकळे." चौदाव्या वाढदिवसाला मुलाची पाठ काही बदलत नाही.

मी छडी वापरली नाही. हे फुशारकीने सांगत नाही, कारण मी जे वापरलं त्याने वळ उठत नाही म्हणून ते कमी होतं असं नाही. मी रजिस्टर वापरलं.

ती गोष्ट सांगते. पंचवीसेक वर्षं झाली. मी नववीची वर्गशिक्षिका होते, दुपारच्या पाळीत. शाळेत नियम होता : युनिट टेस्टला गैरहजर राहायचं तर डॉक्टरचं सर्टिफिकेट हवं, नसेल तर शून्य. नियम मुख्याध्यापकांचा होता, माझा नव्हता, पण शून्य मात्र ज्या त्या वर्गशिक्षकाने लिहायचं होतं.

आपल्या भाद्रपदाचं आणि शाळेचं इथे कधी जुळत नाही. चतुर्थीचं एक वेळ निभावतं, पण गौरींचे तीन दिवस कोणत्या गुजराती शाळेच्या ध्यानात असणार? त्या वर्षी आवाहनाच्याच दिवशी गणिताची टेस्ट आली. माझ्या वर्गात मराठी मुली पाच. पाचही गैरहजर. गौरी-विसर्जन होऊन मुली आल्या आणि टेबलावर पाच चिठ्ठ्या आल्या. चार चिठ्ठ्यांना सर्टिफिकेट जोडलेलं, चारही एकाच दवाखान्याची, चौघींना एकाच प्रकारचा ताप. एकीच्या हातावर मेंदी इतकी ताजी रंगलेली की सर्टिफिकेट देताना ती हात फ्रॉकमागे लपवत होती.

पाचवीच्या चिठ्ठीला सर्टिफिकेट नव्हतं. वडिलांनी मोडक्या गुजरातीत लिहिलं होतं की घरी गौरी यायच्या होत्या, मुलीच्या आईचं ऑपरेशन झालेलं आहे, आजीला वाकता येत नाही, आणि मुखवटे तुळशीपासून देवघरापर्यंत आणायला घरात दुसरी मुलगी-सवाष्ण कोणी नाही, म्हणून मुलीला ठेवून घेतलं, क्षमा असावी. खाली सही. वडील कारखान्यात पाळीवर जायचे, आदल्या दिवशी येऊन परवानगी मागणं त्यांना जमलं नसेल.

मी ती चिठ्ठी घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी वाचली आणि अगदी मनापासून विचारलं, "बेन, आ गौरी कोण? मेहमान छे?"

आता बघा, इथे मला बोलायचं होतं. मला सांगता आलं असतं की हो साहेब, पाहुण्याच आहेत, तीन दिवसांच्या माहेरवाशिणी. दारापासून कुंकवाची पावलं काढावी लागतात, हातात मुखवटे घेऊन एकीने चालायचं असतं आणि दुसरीने तिचे पाय धुवायचे असतात, वाटेत प्रत्येक खोली दाखवायची असते, दूधदुभतं, धान्य, पैसा सगळं आहे म्हणून सांगायचं असतं. ज्या घरात आई अंथरुणावर आहे तिथे हे चौदा वर्षांच्या मुलीने केलं, आणि तिच्या बापाने ते खरं लिहिलं. हे सगळं मला ठाऊक होतं, कारण माझ्याही घरी गौरी होत्या. पूजनाच्या दिवशी मी स्वतः किरकोळ रजेवर होते. अर्जात कारण लिहिलं होतं, 'घरगुती काम'. कोणी विचारलं नाही, कोणी सर्टिफिकेट मागितलं नाही.

मी म्हटलं, "धार्मिक कारण आहे, साहेब." ते म्हणाले, "मग नियम तर नियमच." मी वर्गात आले आणि चौघींना फेरपरीक्षा दिली आणि तिला शून्य दिलं. ती रडली नाही. तिने विचारलं, "बेन, मी खरं लिहिलं ना?" मी म्हटलं, "सर्टिफिकेट आणायचं होतंस."

हे वाक्य मी बोलले. शिक्षिका म्हणून पगार घेऊन.

दुसऱ्या वर्षी ती दहावीत माझ्याच वर्गात. भाद्रपद आला. तीन दिवस गैरहजर, आणि चौथ्या दिवशी टेबलावर सर्टिफिकेट. तोच दवाखाना, तोच ताप. मी घेतलं, सही केली, फाईलला लावलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघितलं नाही. त्या दिवशी आमच्यात जे खोटं झालं त्यात तिचा वाटा दुसऱ्या नंबरचा होता, पहिलं खोटं वर्षापूर्वी माझं होतं.

लोकमान्यांची टरफलांची गोष्ट आपण सगळ्यांनी सांगितली आहे, दर गणेशोत्सवात एखादं लहान मूल धोतर नेसून ती बोलूनही दाखवतं. वर्गात शेंगांची टरफलं पडली, गुरुजींनी सगळ्या वर्गाला उचलायला सांगितली, आणि ज्याने शेंगा खाल्ल्या नव्हत्या त्याने नकार दिला. आपण ती नेहमी त्या मुलाच्या बाजूने ऐकतो. मला त्या गुरुजींच्या बाजूने ऐकायची सवय लागली आहे. ते काही दुष्ट नसणार. वर्ग घाण आहे, तास जातोय, शेंगा कोणी खाल्ल्या हे शोधत बसायला वेळ नाही, मग सरसकट हुकूम. आम्ही सगळे हेच करतो. फक्त आमच्या वर्गात टिळक नसतात. नकार द्यायची हिंमत नसलेलं साधं मूल असतं, ते मुकाट्याने टरफलं उचलतं, किंवा पुढच्या वेळी सर्टिफिकेट आणतं.

हिंमत असलेल्या तीन मुलांची एक गोष्ट मात्र खरीच घडलेली आहे, आणि ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. १९८५ साली केरळातल्या एका शाळेत तीन भावंडं प्रार्थनेच्या वेळी राष्ट्रगीताला उभी राहायची, पण गायची नाहीत. त्यांचा पंथ तसा होता. वर्षानुवर्षं कोणाला काही वाटलं नव्हतं. मग ओरड झाली आणि शाळेने त्यांना काढून टाकलं. त्या तिघांना एक सोपी वाट होती. ओठ हलवायचे. शंभर मुलांच्या घोळक्यात कोणाला कळलं असतं? आपण इथे मघाशी प्रार्थना म्हटली तेव्हा किती जण ओठ हलवत होते ते मी इथून बघितलं आहे. त्या मुलांनी ते केलं नाही. १९८६ साली न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या खंडपीठाने निकाल दिला की मुलं आदराने उभी राहत होती, गायलाच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, त्यांना शाळेत परत घ्या. हा निकाल मी नोकरीच्या मधल्या काळात वाचला, आणि मला राष्ट्रगीत आठवायच्या आधी ती नववीतली मुलगी आठवली. तिनेही ओठ हलवले नव्हते. मी हलवायला शिकवले.

म्हणून सुपरवायझर झाल्यावर मी नवीन मुख्याध्यापकांकडे जाऊन एकच गोष्ट मागितली. वर्षात दोन दिवस 'घरची रजा'. सर्टिफिकेट नको. आदल्या दिवसापर्यंत कळवायचं, आणि कारण खरं लिहायचं. टेस्ट बुडाली तर पुढच्या शनिवारी वेगळी प्रश्नपत्रिका. ते म्हणाले एक वर्ष करून बघू. स्टाफरूममध्ये हलकल्लोळ झाला. "बेन, सगळे वासी उत्तरायणाला घरी बसतील." "शनिवारी जादा पेपर कोण काढणार?" दुसऱ्या प्रश्नाला उत्तर सोपं होतं, मी काढणार. पहिला प्रश्न खरा होता.

बसलेच. संक्रांतीनंतर दोन दिवस वर्ग निम्मे होते. पण ते पूर्वीही असायचे, फक्त पूर्वी सगळ्यांना ताप असायचा. आता चिठ्ठीत 'पतंग' लिहिलेलं असायचं. एका मुलाने लिहिलं, 'मामाच्या धाब्यावरून पतंग जास्त कापले जातात म्हणून सुरतला जातो.' मी ती चिठ्ठी कितीतरी दिवस ठेवून दिली होती. एकाने लिहिलं, 'भारत-पाकिस्तान मॅच आहे.' त्याला मी रजा दिली नाही. दुसऱ्या दिवशी तो आला, तोंड पाडून बसला. पण त्याला शिक्षा केली नाही, आणि पुढच्या वेळी त्याने पुन्हा खरंच कारण लिहिलं, आजीचं श्राद्ध. हे मला मॅचपेक्षा मोठं वाटलं. जैन मुलांच्या पर्युषणाच्या चिठ्ठ्या आल्या, ताजियांच्या दिवसांत मुसलमान मुलींच्या आल्या, छठच्या आल्या. आमच्या शाळेत किती प्रकारची घरं आहेत हे मला तिसाव्या वर्षी समजलं.

आणि असंही काही समजलं ज्याचा मी विचार केला नव्हता. आठवीतली एक मुलगी. दोन दिवस जुलैतच संपले, तरी तिच्या चिठ्ठ्या येत राहिल्या. 'आईला कामावर जायचं आहे, धाकट्या भावाला बघायला कोणी नाही.' आधीच्या वर्षी तिच्या रजिस्टरला सारखा ताप, पोटदुखी, ताप. वर्गशिक्षिका म्हणायच्या, अशक्त आहे बिचारी. ती अशक्त नव्हती, ती घर चालवत होती. आम्ही दोघी-तिघी तिच्या घरी गेलो. आई रागावली नाही, उलट म्हणाली, "बेन, खरं लिहायला तुम्हीच सांगितलं ना." मग शेजारच्या आंगणवाडीत भावाचं नाव घातलं. सगळं सुटलं असं सांगणार नाही, पुढेही तिच्या दांड्या झाल्या, पण तिने दहावी दिली. ताप लिहीत राहिली असती तर आम्ही तिला लिंबू-सरबत प्यायला सांगत राहिलो असतो.

शिस्त मोडली का? थोडी मोडली. प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन वर्गांची हजेरी घसरली, आणि एका पालकाने दोन दिवसांच्या जागी नऊ दिवस वापरून वर शाळेलाच नियम समजावला. त्याला मीही समजावला. मी निवृत्त झाल्यावर तो नियम राहिला की नाही, विचारायला गेले नाही.

आता मुलांकडे वळते, कारण बक्षिसाची वेळ झाली आहे आणि चिटणीस घड्याळ बघताहेत. मुलांनो, मी तुमच्या बाजूने इतकं बोलले म्हणून तुम्ही खुशीत दिसताय. तुमच्याकडूनही मला काही हवं आहे. नियम पटला नाही तर कारण विचारा, पण विचारायची जागा वर्ग संपल्यानंतरची, चाळीस जणांसमोर बाईंना पकडायची नाही. मोबाईल बॅगेत सापडला तर 'माझा नाही' म्हणू नका. तुमच्या आईचा मिस्ड कॉल त्याच्यावर येत असतो. (हो, आयांनो, तुम्हालाही सांगते, तिसऱ्या तासाला फोन करून 'आज ट्यूशन नाही' हे सांगायची काही गरज नसते.) आणि एक मनापासून. शाळेत जे शिपाईकाका घंटा वाजवतात, ज्या बहेन वर्ग झाडतात, त्यांना तुम्ही काय नावाने हाक मारता? डायरीत याचा नियम नसतो. मी छत्तीस वर्षं मुलं पारखली ती बरीचशी याच्यावरून.

आई-वडिलांना सांगायचं ते जवळपास सांगून झालं आहे. यंदाही गौरी कामाच्याच वारी आहेत. आपल्या मंडळातल्या निदान तीस-चाळीस मुलामुलींच्या शाळांत त्या आठवड्यात काही ना काही परीक्षा असेल. आत्तापर्यंत आपण काय करत आलो? आवाहनाच्या आदल्या संध्याकाळी ओळखीच्या डॉक्टरकडे जायचं. डॉक्टरही आपलेच, त्यांच्याही घरी गौरी. ते हसत लिहून देतात. बाजूला मूल उभं असतं, तेही हसतं. सोळा भाज्या निवडताना आपण त्याच मुलाला सांगतो, देवापुढे खोटं बोलू नये.

मी एक पत्र तयार करून आणलं आहे. एका बाजूला गुजराती, एका बाजूला इंग्रजी. मुख्याध्यापकांच्या नावाने. त्यात गौरी म्हणजे काय हे पाच ओळींत लिहिलं आहे, पाहुणे नव्हेत हेही. मागणी एकच आहे : आमच्या मुलांना आवाहन आणि पूजन हे दोन दिवस रजा द्यावी, टेस्ट असेल तर नंतर घ्यावी, आणि आम्ही खरं कारण लिहिलं म्हणून गुण कापू नयेत. खाली मुलाचं नाव, वर्ग आणि पालकाची सही. दवाखान्याचा शिक्का लावायला जागा मुद्दाम ठेवलेली नाही.

काही मुख्याध्यापक ऐकतील, काही 'नियम तर नियमच' म्हणतील. जे तसं म्हणतील त्यांच्याकडे मी स्वतः यायला तयार आहे, त्यांना मी आतून ओळखते. ज्यांना शून्य मिळेल त्यांनी ते घेऊन मंडळाच्या कचेरीत यावं, मंडळ शाळेशी बोलेल असं अध्यक्षांनी मघाशी चहाच्या वेळी मला सांगितलं आहे. आता सगळ्यांसमोर सांगितलं आहे, त्यामुळे त्यांना मागे जाता येणार नाही.

ती नववीतली मुलगी आता चाळिशीला टेकली असेल. खंडेराव मार्केटमध्ये कधी भेटते, वाकून नमस्कार करते, भाजीचे भाव बोलतो, त्या गोष्टीविषयी दोघीही बोलत नाही. तिचा मुलगा यंदा नववीत आहे. पहिलं पत्र मी काल तिच्या घरी पाठवून दिलं.

बाकीची पत्रं दाराजवळच्या टेबलावर आहेत. प्रसाद घेऊन जाताना सही करून न्या. आणि कृपा करून, आधी वाचा. पेन ठेवलेलं आहे.

नमस्कार.